चौसष्ट नावं, पासष्ट नंबर

१२ मार्च

आजपासून रोजनिशी. मोठं काम करणाऱ्या माणसानं तारखेसकट लिहून ठेवावं. पुढं लोक विचारतात तेव्हा आठवत बसावं लागत नाही.

आज क्लासवर (योगराज कॉम्प्युटर, देवरी, बसस्टँडच्या मागं) सुकराम आला होता. सुकराम म्हणजे आमच्या गावच्या वन समितीचा अध्यक्ष. गाव चिचगडच्या पुढं, जंगलाला खेटून. म्हणे, मोहफुलाचा सीझन तोंडावर आला, बाया अंधार असतानाच जंगलात जाणार, अन् यंदा वाघ गावाच्या लयच जवळ फिरून राहिला. मोबाइलवर काही करता येते का?

करता येते का! मला विचारतो! त्याला चहा पाजला आणि सांगितलं, निर्धास्त राहा.

सध्याची पद्धत लिहून ठेवतो, पुढं तुलना करायला बरी. समितीचे दोन पहारेकरी पहाटे जंगलात फिरतात. ताजे ठसे दिसले की चालत बकारामच्या घरी येतात. बकाराम हा गावचा मुनादीवाला. साठी उलटलेली, फोन नाही, चष्म्याला दोरी. तो थाळी बडवत गल्लीतून निघतो, आणि ज्या घराचा मोह त्या भागात असेल त्या दारात उभा राहून हाक देतो. कोणत्या घरानं कोणत्या मोहाखाली वेचायचं हे आमच्याकडं पणजोबांपासून ठरलेलं, आणि बकारामला ते सगळं तोंडपाठ.

म्हणजे चौसष्ट घरांचा जीव एका म्हाताऱ्याच्या डोक्यात. हसावं की रडावं?

संकल्प: दहा दिवसांत सिस्टीम. चहा दिवसाला तीनच.

१५ मार्च

आज मूळ निर्णय घेतला. प्रत्येक घराच्या तीन गोष्टी लागतात: वेचणारीचं नाव, मोबाइल नंबर, मोह कोणत्या भागात. तीन गोष्टी, म्हणून तीन लिस्ट. एकीत नुसती नावं, दुसरीत नुसते नंबर, तिसरीत नुसत्या जागा. पहिल्या नावाचा पहिला नंबर, पहिली जागा. दुसऱ्याचा दुसरा. इतकं सोपं की डोळ्यात पाणी यावं.

काकाची गुंजन घरी आली आहे. गोंदियाला बीसीए करते, दुसरं वर्ष. लॅपटॉपमध्ये डोकावली. म्हणे, दादा, एका माणसाचं सगळं एका जागी बांध ना. एक माणूस, एक गाठोडं. त्यात त्याचं नाव, त्याचाच नंबर, त्याचाच मोह. अशी चौसष्ट गाठोडी. आमचे सर त्याला रेकॉर्ड म्हणतात. तीन लिस्टा सुट्या ठेवशील तर एखादी एका घरानं सरकली की सगळ्यांची ताटातूट होईन.

लिस्ट कायले सरकते? तिला काय चाकं आहेत? मी क्लासमध्ये दीडशे पोरांना एक्सेल शिकवलं आहे. दुसरं वर्ष म्हणे!

त्यात चुलीपाशी बसून बायकोनं, रेणूनं, तोंड घातलंच. म्हणे, बियाण्याच्या पोत्याच्या तोंडाशी आपन त्याच धानाची लोंब खोसून ठेवतो का नाही? मंग पोतं कुठंबी हलवा. पोती एका खोलीत अन् लोंबी दुसऱ्या खोलीत रांगेनं लावून ठेवते का कोनी?

प्रोग्रामिंगमध्ये धान आणू नये, एवढंच म्हणालो. चहा पाच झाले. विचारांचं काम आहे, तीनमध्ये होत नाही.

१९ मार्च

सगळी नावं टाइप केली. क्रम गल्लीप्रमाणं. पहिलं नाव आईचं, रुख्मा. संस्कार सुटत नाहीत. शिवाय घरही गल्लीच्या तोंडाशीच आहे. दुसरं सुकरामच्या घरचं, शामकलाबाई. शेवटचं चौसष्टावं भुपेंद्र, पार टोकाला राहतो, बायको बाळंतपणाला गेली म्हणून यंदा स्वतःच वेचतो.

आईचा मोह सातमोहात. गावापासून तीन किलोमीटर, सगळ्यात आत. वय बासष्ट, पण एक पहाट चुकवत नाही. मी कितीदा म्हणालो, सोडून दे. म्हणते, झाड वाट पाहते बाबू.

मेसेज मराठीत पाठवायचा तर अक्षरं मोजून मिळतात. म्हणून नाव आणि जागा काढून टाकली. मजकूर असा ठेवला: "सावधान! तुमच्या मोहाखाली वाघाचा वावर आहे. आज जाऊ नये." कुणालाही पाठवा, लागू पडतो. गुंजननं हाही वाचला आणि म्हणाली, नाव असतं तर चुकीच्या माणसाला गेला हे तरी कळलं असतं. या पोरीला चुकीशिवाय काही सुचत नाही.

२१ मार्च

आंघोळ करताना सुचलं. वाघाची खबर सगळ्यात आधी सिस्टीमच्या मालकाला कळायला हवी की नको? हवी. नंबरांच्या लिस्टमध्ये सगळ्यात वर माझा नंबर टाकला. नावांच्या लिस्टमध्ये माझं नाव टाकायची गरज नाही, मी कुठं मोहफुलं वेचतो? जागाही नाही. फक्त नंबर. बाकीचे आपले खाली सरकले.

लगेच टेस्टिंग. जागेचं नाव दाबलं की तिथल्या नंबरांना मेसेज. सातमोह दाबलं. तीन सेकंदांत माझा फोन वाजला! अंगावर काटा आला. आई शेजारीच तांदूळ निवडत होती, तिचा बटणांचा फोन मांडीवर. तो गप्प. जुना डबडा आहे, त्याला दम लागतो. टेस्टिंग यशस्वी.

२३ मार्च

लाँच. पंचायतीच्या ओट्यावर नारळ फोडला. मी पंधरा मिनिटं बोललो. टाळ्या बऱ्यापैकी. पहारेकऱ्यांना सांगितलं, आता ठसे दिसले की बकारामकडं नाही, मला फोन.

लोकांनी दोन्हीकडं बघत बसू नये म्हणून बकारामची थाळी पंचायतीच्या कपाटात ठेवावी असं मीच सुचवलं. त्यानं काढून दिली. काही भांडला नाही. जाताना फक्त म्हणाला, सातमोहाकडची वानरं वरडली का मले उठवजा बाबू.

वानरं! आम्ही इंटरनेटवर चाललो आणि हा वानरांवर.

आईनं घरी येऊन फोनला हळदकुंकू लावलं. बटणांत गेलं थोडं.

२७ मार्च

पहिला खरा अलर्ट. पहाटे पावणेपाचला पहारेकऱ्याचा फोन, आंबाखोरीत ठसे. आंबाखोरी दाबलं. आठ घरं, आठ मेसेज, आठही पोचले. शंभर टक्के.

गंमत म्हणजे आईचाही फोन वाजला. तिनं टोपली खाली ठेवली आणि पदर खोचून चुलीशी बसली. म्हणालो, आई, आंबाखोरी आपली नाही, तू जा. म्हणे, तुया सिस्टीमनं सांगितलं ना? मंग असंन काही तरी. मी नाही जात.

यावर विचार केला. आंबाखोरी आणि सातमोह यांच्यात एकच नाला. म्हणजे सिस्टीम शेजारच्या भागालाही सावध करते आहे. हे मी घातलं नव्हतं. चांगली सिस्टीम आपोआप शिकते असं ऐकलं होतं, आज पाहिलं.

सुकरामच्या शामकलाबाईला मात्र मेसेज आला नाही म्हणे. ती आंबाखोरीत गेली आणि टोपली टाकून पळत आली. झुडपातून गुरगुर ऐकली म्हणते. चालायचंच. मेसेज वाचत नाहीत आणि मग सिस्टीमला नावं ठेवतात.

३० मार्च

पहाटे सातमोह. माझा फोन वाजला. आता लक्षात येऊन राहिलं, बाकी कुठला अलर्ट मला येत नाही, फक्त सातमोहाचा येतो. म्हणजे जे खरंच गंभीर, तेवढंच मालकाकडं. बाकी खाली निस्तरतात. ऑफिसं अशीच चालतात.

आई आज देवरीला मावशीकडं होती. तिथंही तिच्या फोनवर काही आलं नाही. बरोबरच आहे, देवरीत कुठं वाघ.

३ एप्रिल

दुपारी भुपेंद्र क्लासवर आला, सदरा फाटलेला, हाताला ओरखडे. तो बोदलझिरीत वेचतो. आज बोदलझिरीचा अलर्ट मी स्वतः दाबला होता. म्हणतो, मले एकबी मेसेज नाही आला. वीस पावलांवर वाघ उभा होता, डोळ्यात डोळा. तेंदूच्या झाडावर चढलो अन् तीन घंटे वरच होतो. खाली बसला होता तो. जाईच ना. माझ्याच टोपलीतली फुलं हुंगून राहिला होता.

मी त्याला पाणी दिलं आणि फोन रीस्टार्ट करून दिला.

घरी गुंजननं विचारलं, दादा, भुपेंद्रभाऊले सीझनभर एक तरी मेसेज आला का? मी म्हणालो, नशीबवान आहे. तर म्हणे, नुसतं मोजून पाय. नावं किती, नंबर किती, जागा किती. तिन्ही आकडे सारखे पाहिजे.

मोजणं हे कारकुनाचं काम. मी डिझाइन करतो. असं बोललो खरं, पण जरा जोरात बोललो. पोरगी उठून परसात गेली. उद्या तिच्यासाठी समोसे आणीन.

६ एप्रिल

समोसे राहिले.

बाया आता मेसेजला हसायला लागल्या आहेत. हापशीवर काल कुणी तरी म्हणालं म्हणे, योगराजचा मेसेज आला का समजा तिथं वाघ नाही, अन् नाही आला का समजा हाय. सगळ्या खी-खी करून हसल्या. रेणूनं हे मला जेवताना सांगितलं. जेवताना!

एक आईच तेवढी इमानदार. चार वेळा मेसेज आला, चारही वेळा घरी बसली. तिची फुलं डुकरांनी खाल्ली. बाया चिडवतात तर म्हणते, माया पोरानं केलं हाय, उगाच नाही वाजत. वाजला का नाही जायचं, नाही वाजला का जायचं. ज्याचा त्याचा भरवसा.

हे ऐकून बरं वाटलं. संकल्प: सीझन संपला की आईला नवीन फोन.

अहवाल तयार केला. पाठवलेले मेसेज एकशे बारा. पोचलेले एकशे बारा. याहून जास्त माणसानं काय करावं?

९ एप्रिल

गावातली कुत्री संध्याकाळीच घरात शिरतात आणि खाटेखाली बसतात. भुंकत नाहीत. काल रामलालचं वासरू गोठ्यातून गेलं. दोर तसाच, गाठ न सुटलेली, पुढं काही नाही. वाघ आता माणसाला भीत नाही असं पहारेकरी म्हणतात. त्यांचा आवाजही खाली आला आहे.

मी लोकांना म्हणालो, पहा, आता गावात कशी शांतता आहे.

बकाराम अजून पहाटे जंगलाच्या तोंडाशी दगडावर जाऊन बसतो म्हणे. सोबत घरची जेवायची थाळी. आत जाणाऱ्या प्रत्येकीला विचारतो, आज कोनाच्या मोहाखाली? जसं काही त्याला माहीत नाही. सुकरामला सांगितलं, याला समज द्या. एका गावात दोन सिस्टीम चालत नाहीत.

११ एप्रिल, पहाटे ४.५२

पहारेकऱ्याचा फोन. कुजबुजत बोलत होता. ठसे सातमोहाकडं, इतके ताजे की त्यात पाणी अजून भरून राहिलं. लवकर दाब म्हणाला.

दाबलं. तीन सेकंद. माझा फोन वाजला. "तुमच्या मोहाखाली वाघाचा वावर आहे. आज जाऊ नये." वाचून समाधान झालं. स्वतःच्याच सिस्टीमचा इशारा स्वतः पाळायचा ठरवलं. पांघरूण ओढलं.

५.००

अंगणात कडी वाजली. आई उठली वाटतं. मेसेज पाहून परत झोपेल.

५.३५

लांबून थाळी ऐकू येते. जंगलाच्या आतून, खूप जोरात, ताल नाही काही नाही. बंद करायला सांगितलं होतं. झोपमोड. आज सुकरामकडं लेखी तक्रार.

५.४१

थाळी थांबली. बरं झालं.

५.५०

रेणू दारात उभी आहे. विचारते, आत्याबाई कुठं गेल्या? म्हणालो, झोपल्या असतील, मेसेज गेला आहे. म्हणे, खाट रिकामी हाय, टोपली नाही. मेसेज कोनाले गेला? म्हणालो, सातमोहाच्या सगळ्यांना, मलासुद्धा आला, हा बघ.

तिनं तो वाचला. मग माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, तुमचा कोनता मोह हाय तिकडं?

लॅपटॉप उघडला. नावं चौसष्ट. जागा चौसष्ट. नंबर पासष्ट.

१२ एप्रिल

आई आहे. आधी हे लिहितो. आई आहे.

मी आणि रेणू पळालो तेव्हा ती जंगलाच्या तोंडाशी भेटली, दोन पहारेकऱ्यांच्या मधे, पायात चप्पल नाही, लुगडं रक्तानं भिजलेलं. रक्त तिचं नव्हतं. बकारामचं. त्याला मागं खाटेवर घालून आणत होते.

तो दगडावर बसलेला असताना आई पुढून गेली. तो म्हणाला, रुख्माबाई, आज नका जाऊ, हवा बरी नाही. आईनं ओटीतून फोन काढून दाखवला. हे पाय, नाही वाजला. अन् गेली. थोड्या वेळानं सातमोहाकडची वानरं ओरडायला लागली आणि हा म्हातारा थाळी बडवत तिच्या मागं धावला. आई वाकून वेचत होती. वाघ मोहाच्या पलीकडं, दबून. बकाराम दोघांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि थाळी वाजवत राहिला. वाघ आला तो सरळ थाळीच्या हातावर. मग पहारेकरी टेंभे घेऊन ओरडत पोचले.

उजवा हात खांद्यापासून गेल्यासारखा आहे. गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला.

५.४१ ला मी "बरं झालं" लिहिलं आहे. ते पान फाडणार होतो. नाही फाडलं.

आई एकच वाक्य सारखं म्हणते. मी फोन पाहूनच गेली बाबू. वाजलाच नाही. माझी बाजू घेऊन राहिली आहे. लोकांना तेच सांगते, माया पोराची चूक नाही, मायाच फोन जुना हाय.

कुणी मला शिव्या दिल्या नाहीत. सुकराम आला, बसला, पाणी प्यायला, गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल

नागपूरहून खबर. हात काढला. बकाराम शुद्धीवर आहे. उठल्यावर पहिलं विचारलं म्हणे, आज सातमोहाकडं कोन गेलं?

वाघ सापडलेला नाही. पिंजरा लावला आहे, रिकामा आहे. काल हापशीच्या चिखलात ठसा होता. मोहाची फुलं पडून राहिली आहेत, बाया दाराशी बसून जंगलाकडं पाहतात. किती दिवस पाहतील? सीझन आठ-दहा दिवसांचा उरला. उद्यापासून जाणार म्हणतात, घोळक्यानं.

गुंजननं सगळं नव्यानं लिहिलं. मी शेजारी बसून नावं सांगितली, एकेका घराची. एक माणूस, एक गाठोडं. रुख्मा, तिचाच नंबर, सातमोह. शामकला, तिचाच नंबर, आंबाखोरी. मेसेजमध्ये आता नाव जाते आणि जागा जाते. प्रत्येक गाठोडं बांधून झालं की ती एक मेसेज पाठवायची आणि त्या घरी फोन लावून विचारायची, वाजला का? चौसष्ट वेळा. मोजायला मला लाज वाटली नाही. खरं तर वाटली.

मग म्हणाली, बकारामकाकाचं गाठोडं करायचं का? नाव झालं. नंबर नाही. मोह कोणता टाकू? मला माहीत नव्हतं. आईला विचारलं. आई म्हणाली, त्याचा मोह बुढा होऊन पडला, वीस वर्सं झाली. तो वेचाले नाही जात. नुसता जाऊन बसते.

गुंजननं दोन्ही जागा रिकाम्या सोडल्या. रिकामी जागा चालते म्हणे, गाठोडं मोडत नाही.

दादा, तुझं करू? नाव योगराज, नंबर आहे. मोहाच्या जागी काय? तिनं ते पण रिकामं सोडलं.

आईनं कोपऱ्यातून थाळी आणून माझ्यापुढं ठेवली. बकारामची जेवायची थाळी, पहारेकऱ्यांनी जंगलातून आणली तीच. एक कड आत दबलेली, चार दातांची भोकं. म्हणाली, मेसेज जाऊ दे तुया. पन गल्लीतून कोनी तरी गेलं पाहिजे ना बाबू.

मी म्हणालो, कोणत्या दारात थांबायचं ते मला कुठं माहीत आहे. म्हणाली, मी येते संगं, दाखवते.

चारचा अलार्म लावला. गुंजननं विचारलं, वाजते का पाय एकदा. अलार्म वाजवून पाहिला. वाजतो.